जेवत राहिलेला माणूस

वस्ती, ता. कर्जत
११ ऑगस्ट २०२५

नीलांबरीताई, पाणवठा रेडिओ, नगर, यांना गोरक्ष तापकीर याचा नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. कर्जतच्या पुढे आमची वस्ती आहे, लिंबोणीची बाग आहे. शाळा सातवीपर्यंत, तीही धड झाली नाही, म्हणून अक्षराला नावं ठेवू नका. हे पत्र तुमच्या हातात पडेल की नाही, हीच मला काळजी. तुम्ही पत्ता फार भराभर सांगता. पिनकोडचा शेवटचा आकडा मी अंदाजाने टाकला आहे.

माझ्या लेकीने, रुपालीने, तुमचा रेडिओ माझ्या मोबाईलवर घालून दिला. ती संगमनेरला असते. दर रविवारी दुपारी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांशी तुमच्या ज्या गप्पा असतात त्या ती ऐकते, मीही ऐकतो. मी पुस्तकं वाचत नाही. पण पुस्तक लिहिणारा माणूस कसा बसतो, कसा अडतो, कसा खोडतो, हे ऐकायला बरं वाटतं. घरात बोलणारं दुसरं कोणी नाही.

काल तुमच्याकडे सुहास दाणी म्हणून लेखक आले होते. त्यांच्या ‘दुपारचा निरोप’ या कादंबरीत बापू नावाचा म्हातारा जेवायला बसलेला असतो. लेक दारात येऊन सांगते की आई गेली. बापू जेवत राहतो. तुम्ही विचारलंत, का जेवतो? दाणी म्हणाले, मी त्याच्या हातातला घास खाली ठेवायला लावत होतो, पण तो ठेवेना, तेव्हा मला कळलं की त्याच्या आत बायकोसाठी काही नव्हतंच. तुम्ही म्हणालात, बाप रे, दगडच की. आणि मग तुम्ही गाणं लावलं.

ताई, हे बरोबर झालं नाही. जेवत राहिला म्हणजे आत काही नव्हतं, हे कशावरून? दुसरं कारण असू शकतं. दाणीसाहेब परत येतील तेव्हा त्यांनी रेडिओवर तसं सांगावं. एवढंच सांगावं, की दुसरं कारण असू शकतं. तुमचा कार्यक्रम पुष्कळ लोक ऐकतात आणि रेडिओवर सांगितलेलं खरं धरतात.

जास्त लिहिलं असेल तर फाडून टाका. पण पत्र मिळालं की कळवा, नाहीतर मला घोर लागून राहील.

गोरक्ष तापकीर

•

पाणवठा रेडिओ, अहिल्यानगर
२२ ऑगस्ट २०२५

आदरणीय गोरक्षआण्णा,

आधी घोर मिटवते: पत्र मिळालं. पिनकोड चुकला होता, पण आमचे पोस्टमन कार्यक्रमाचे श्रोते निघाले.

आण्णा म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही इथे माईकसमोर बसून ‘लेखनप्रक्रिया’ वगैरे बोलत असतो, आणि तुम्ही थेट घासापाशी आलात. मी ‘दगड’ म्हणाले ते अगदी सहज तोंडून गेलं. मुलाखतीत शांतता पडली की मला भीती वाटते, मग मी काहीतरी बोलून टाकते. ही माझी जुनी खोड. आई म्हणते, तू देवळातसुद्धा निवेदन करशील.

सुहासरावांना फोन करून तुमचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, “दुसरं कारण असेल तर मला हवंच आहे. मी त्या पानावर खूप अडलो होतो. मला सापडलं नाही ते त्यांना सापडलं असेल, तर त्यांनी सांगावं.” २८ सप्टेंबरला ते श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला परत येणार आहेत.

सोबत कादंबरी पाठवते आहे. वाचा आणि सांगा, बापू का जेवतो?

तुमची,
नीलांबरी धर्माधिकारी

•

वस्ती
९ सप्टेंबर २०२५

नीलांबरीताई,

पुस्तक पोचलं. त्याला पाणी लागू नये म्हणून पिशवीत घालून ठेवलं आहे. वाचायला वेळ लागला. अक्षर बारीक, आणि मी ओळीखाली बोट धरून वाचतो. शेजारचा सुनील म्हणाला, “आण्णा, परीक्षा हाय का?” मी म्हणालो, हाय. बापूच्या पानाच्या पुढे मी वाचलं नाही. मागचं सगळं वाचलं. विहिरीचं जे लिहिलं आहे ते चुकलं आहे, पण ते राहू द्या.

दुसरं कारण विचारलंत. ते असं, की माणसाला खरंच वाटलं नाही तर? निरोप आला, पण तो खोटा आहे असं त्याने धरलं तर?

तुम्ही म्हणाल, मरणाचा निरोप कोण खोटा देईल. आमच्याकडे देतात. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर ते मरणाचं लक्षण धरतात. त्याला उपाय असा, की त्याच्या जिवाच्या माणसाला, जो लांब आहे त्याला, निरोप धाडायचा की अमुक गेलं. त्याला खरं काय ते कळू द्यायचं नाही. तो खरोखर रडला की मरण टळलं. मग मागाहून दुसरा निरोप करायचा की खोटं होतं. हल्ली हे सगळं फोनवर होतं.

आमच्याकडच्या एका माणसाची बायको गेल्या वर्षी उन्हाळ्यात माहेरी, पुणतांब्याला गेली होती, कुरडया करायला. सोबत लेक होती. तिथे अंगणातल्या झाडावर कावळ्याचं घरटं असतं, त्या दिवसांत कावळे जाणाऱ्या-येणाऱ्याला टोचतात. तर तिच्या डोक्याला कावळा शिवला. बायका घाबरल्या. म्हणाल्या, नवऱ्याला निरोप करा. लेकीच्या हातात फोन होता, म्हणून तिला करायला लावला. ती म्हणाली, “आण्णा, आई गेली.” तिचा आवाज कापत होता, कारण तिला खोटं बोलायची सवय नाही.

तो माणूस तेव्हा कर्जतच्या बाजारात लिंबं घेऊन बसला होता. त्याने तिथेच बसल्या जागी मोठ्याने रडायला सुरुवात केली. लोक जमले. कोणी पाणी आणलं, कोणी टेम्पो आणला. मला चप्पल सापडेना. टेम्पोत चढवलं आणि मग फोन आला, “आण्णा, खोटं हुतं, आई चांगली हाय, कावळा शिवला हुता.” फोन बायकोने घेतला.

“अवो, रडला का?”

“लई.”

“बाजारात?”

“बाजारात.”

“मंग मला आता काय हुत न्हाई.”

आणि हसायला लागली. नंतर वर्षभर येईल त्याला सांगायची, “आमचं म्हातारं बाजारात रडलं.” लेकीला म्हणायची, तुझ्या आवाजात गुण हाय.

असं झाल्यावर तसाच निरोप परत आला, तर माणूस काय धरेल? हे दाणीसाहेबांना सांगा. माझं नाव मात्र नको.

गोरक्ष तापकीर

•

पाणवठा रेडिओ
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय आण्णा,

“मला चप्पल सापडेना”, तिथे तुम्ही पकडले गेलात! “एक माणूस” म्हणता म्हणता स्वतःच टेम्पोत चढलात.

किती सुंदर लिहिलंत. मी इतकी हसले, आणि मग डोळे पुसले. आपल्यासाठी कोणी भर बाजारात रडलं हे बाईला आयुष्यात एकदा ऐकायला मिळावं, तेही जिवंतपणी. मुक्ताबाई, हेच ना नाव? पुस्तकाच्या पोचपावतीवर तुम्ही ‘मुक्ताबाई गोरक्ष तापकीर यांचे घर’ असा पत्ता लिहिला होता. त्यांना माझा नमस्कार सांगा. भाग्यवान आहेत.

आता माझं ठरलं आहे. २८ तारखेच्या कार्यक्रमात मी तुमचं हे पत्र पूर्ण वाचणार. आणि मुक्ताबाईंनी फोनवर दोन शब्द बोलायचे. “आमचं म्हातारं बाजारात रडलं” हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. नाव नको म्हणालात, पण अशा गोड गोष्टीत लाजायचं काय?

त्यांचा फोन कुठल्या वेळी लागेल ते कळवा.

नीलांबरी

•

वस्ती
२० सप्टेंबर २०२५

नीलांबरीताई,

हे पत्र पोस्टात टाकतो आहे, आणि सुनीलला त्याचा फोटो काढून तुमच्या नंबरवर पाठवायला सांगितलं आहे. तो म्हणतो गेला, दोन खुणा आल्या. तरी मला भरवसा वाटत नाही. फोटो मिळाला असेल तर लगेच कळवा. कार्यक्रमात काही वाचू नका. हात जोडतो.

मुक्ता नाही. या उन्हाळ्यात गेली, पुणतांब्याला. घर तिच्या नावावर आहे म्हणून पत्ता तसा लिहितो.

तुम्हाला मी पुरतं सांगितलं नव्हतं. आता सांगतो, म्हणजे तुम्ही वाचणार नाही.

यंदाही त्या दोघी मायलेकी कुरडयांना तिकडे गेल्या होत्या. मी घरी जेवायला बसलो होतो. रुपालीचा फोन आला. तेच शब्द, “आण्णा, आई गेली.” तसाच कापरा आवाज. मी म्हणालो, बरं. मनात म्हणालो, परत कावळा. फोन ठेवला आणि जेवलो. मला हसूसुद्धा आलं. या वेळी एकदम रडायचं नाही, जरा ताणू द्यायचं असं ठरवलं. फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. बाजेवर पडलो. डोळा लागला.

सुनील धावत आला. त्याला माझ्या मेव्हण्याने, अजिनाथने, फोन केला होता. सुनीलने मला उठवायच्या आधी त्याला सांगून टाकलं होतं, आण्णा जेवून झोपलेत. मी सुनीललाही म्हणालो, “तुलाबी सामील करून घेतला का?” त्याचं तोंड बघितलं आणि मग उठलो.

कर्जतहून पुणतांबा लांब आहे. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून त्यांनी वाट पाहून पाहून गोदावरीवर आग दिली. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अजिनाथ सगळ्यांच्या देखत म्हणाला, “या दाजी. जेवण झालं का नीट?”

मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. समोर रुपाली उभी होती. मी जर म्हणालो असतो की मला निरोप खोटा वाटला, तर सगळी माणसं तिच्याकडे वळली असती. गेल्या वर्षीचा फोन कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. बापाला आईचं तोंड दिसलं नाही ते लेकीच्या खोट्या फोनामुळे, असं झालं असतं. ते तिला जन्मभर पुरलं असतं.

मी म्हणालो, “भूक लागली हुती.”

त्यानंतर कोणी मला काही विचारलं नाही. दहाव्याला रुपाली आली, बोलली नाही. तेव्हापासून तिचा फोन नाही. दगड समजते. समजू दे. माझ्यावर रागावून आहे तोवर तिला दुसरं काही सुचणार नाही.

मी तेव्हा रडलो नाही, नंतरही नाही. काही वाटत नाही, ताई. सकाळी उठतो, बागेला पाणी सोडतो, भाकरी करतो, गोळी खातो. कोणी मुक्ताचं नाव काढलं की दुसऱ्याच्या घरचं ऐकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. ते त्यांनी न बघताच सांगितलं.

दाणीसाहेबांनी रेडिओवर दुसरं कारण असू शकतं म्हणावं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ती माझी हाव होती. रुपालीच्या कानावर जाईल आणि कारण काय ते तिला कळणार नाही, फक्त बाप दगड नाही एवढं कळेल, असा माझा हिशेब होता. तो चुकला. कारण सांगितल्याशिवाय ते पटत नाही, आणि कारण सांगता येत नाही. बापू दगडच होता असं राहू द्या.

गोरक्ष

•

अहिल्यानगर
१ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आण्णा,

फोटो मिळाला होता. लगेच फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. तुम्हाला पत्रच बरं वाटतं असं समजून लिहिते आहे.

मी हसले होते, मुक्ताबाईंना नमस्कार पाठवला होता, फोनची वेळ विचारली होती. ते पत्र तुम्ही फाडून टाकलं असेल तर बरं.

कार्यक्रमात तुमचं पत्र वाचलं नाही. तुमचं नाव, गाव, बाजार, कावळा, काहीच आलं नाही. एक गोष्ट मात्र मी केली आणि ती तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला जे कारण लिहिलं होतं, तेवढंच विचारलं. सुहासरावांना म्हटलं, “बापूला तो निरोप खरा वाटला नसेल, असं होऊ शकतं का?” हे कारण त्यांना मी आधी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मीही या वेळी मध्ये बोलले नाही. मग ते म्हणाले, “मी त्याच्या हाताकडेच बघत राहिलो. त्याला काय ऐकू आलं असेल ते बघितलंच नाही.” पुढे कार्यक्रम कसाबसा पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी आमच्या श्रोत्यांच्या नंबरवर बोललेला एक निरोप आला. बाईचा आवाज. तो मी पुन्हा पुन्हा ऐकला, म्हणून जसाच्या तसा लिहिते:

“मॅडम, लेखकांना एक विचारायचं हुतं. पुस्तकात ती लेक दारात येऊन सांगते आन् मंग ती पुस्तकातून जातेच. परत येत न्हाई. तिचं काय झालं? समदे बापूचंच बोलत्यात. तिनं आधी कवा खोटं सांगितलं आसंल, म्हणून बापाला पटलं नसंल, तर तिनं काय करायचं? बापाफुडं कसं जायचं? हे त्यांनी लिवायला पायजे हुतं. मी रुपाली, संगमनेरहून.”

आण्णा, मी तिला फोन केला. तुमच्या पत्रांबद्दल तिला अवाक्षर बोलले नाही. तुमचा निरोप तुमच्या वडिलांना सांगू का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, “तुमी आण्णांना वळखता?” मी म्हटलं, ते श्रोते आहेत.  मग म्हणाली, “आण्णा म्हणाले भूक लागली हुती. आमच्या आण्णांना दुपारी कवाच भूक नसती, आई मागं लागून जेवाय घालायची. मला वाचवायला म्हणाले, हे मला तिथंच कळलं. अजिनाथमामा बोलत हुता तवा मी म्हणाय पायजे हुतं, की मामा, गेल्या साली मीच फोन केल्ता. माझ्या तोंडातून शब्द फुटला न्हाई. आता कुठल्या तोंडानं फोन करू?”

मी विचारलं, सांगू का त्यांना? म्हणाली, “सांगा. मला सांगता यायचं न्हाई.”

म्हणून सांगितलं. ती तुमच्यावर रागावलेली नाही, आण्णा. कधीच नव्हती.

नीलांबरी

•

संगमनेर
३० ऑक्टोबर २०२५

नीलांबरीताई,

तुमचं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. पत्र खिशात घालून बागेत जायचो आणि तसाच परत यायचो. दिवाळी आमच्याकडे यंदा नव्हतीच. ती होऊन गेल्यावर एसटीने इकडे आलो. नगरला गाडी बदलताना तुमच्या रेडिओकडे येणार होतो, पण पत्ता विचारायचा धीर झाला नाही, आणि पिशवीत लिंबं होती ती चेंगरतील असं वाटलं.

हे पत्र रेडिओवर वाचू नका. दाणीसाहेबांना सांगायचं असेल तर सांगा.

दार रुपालीनेच उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

“येष्टीनं आला?”

“व्हय.”

“गर्दी हुती?”

“हुती.”

तिने पिशवी घेतली. म्हणाली, एवढी लिंबं कशाला, इथं मिळत्यात. मी म्हणालो, इथली रसाची नसत्यात. मग तिने चहा केला. तो आम्ही प्यालो. फोनवर तुमच्याशी एवढं बोलली म्हणता, पण माझ्यासमोर तिला काही सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. ती कपबश्या उचलायला लागली तेव्हा मी म्हणालो, “रुपे, ते राहू दे. त्या दिवशी तू फोनवर काय म्हणालीस, ते मला परत एकदा सांग.”

“आण्णा, नका ना.”

“मला ते अजून कुणी सांगितलंच न्हाई. तू सांगितलंस ते मी खोटं धरून ऐकलं. सुनीलनं सांगितलं तवा मी त्याची चेष्टा केली. तिथं पोचलो तवा बघायला काय राहिलं नव्हतं. मला कळायचं राहून गेलं हाय. तू सांग.”

ती माझ्यासमोर खाली बसली. पदराला हात पुसले. माझ्याकडे बघून म्हणाली, “आण्णा, आई गेली.”

मी विचारलं, “कवा?”

“दुपारी. तुमाला फोन केला त्याच्या जरा आधी.”

“कशी?”

“कुरडया घालत हुतो. सोऱ्या मी फिरवत हुते, ती घालत हुती. म्हणाली, जरा टेकते. भितीला टेकून बसली. मी म्हणाले, पानी आनू का? म्हणाली, आन. मी आत जाऊन आले तवर मान कलली हुती.”

“काय बोलली का?”

“म्हणाली, ऊन फिरलं, ती साडी तिकडं वढ. जिच्यावर कुरडया घातल्या हुत्या ती.”

“आनी?”

“तेवढंच.”

मला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. रुपालीला आलं. खूप आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. माझा हात मला दुसऱ्याचा वाटत होता, पण ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. ती म्हणाली, “माझ्यामुळं झालं, आण्णा.” मी तिला नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर ते तिला खोटं वाटलं असतं. मी म्हणालो, “तुझ्या आईनं तुला फोन कराय लावला. ती लई खूश झाली हुती. मी रडलो, तीबी खूश, मीबी खूश. त्यात तुझं एकटीचं काय हाय?”

तिने तोंड पुसलं. म्हणाली, “अजून काय इचारायचं हाय का?”

मी म्हणालो, “हाय. मी फोन ठेवला, आन् मंग तुझं काय झालं? तू कुठं गेलीस, काय केलंस, तुझ्यापाशी कोन हुतं? ते सांग.”

तिने कपबश्या बाजूला सारल्या. मग सांगायला लागली.

गोरक्ष तापकीर